मोटारसायकलची पेट्रोलगळती : गॅरेजचे काम कोणते आणि कंपनीचे रिकॉल कोणते

मोटारसायकलखाली पेट्रोलचा डाग दिसला की सोलापुरात बहुतेकांची पहिली धाव कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे असते. मिस्त्री पाइप हलवून पाहतो, क्लिप आवळतो, कार्बोरेटरच्या वाटीवर पान्याच्या दांड्याने दोन हलके टोले देतो आणि गळती थांबते. पंधरा वर्षे जुन्या गाडीला एवढा उपाय पुष्कळदा पुरतोही. परंतु गाडी चार-पाच वर्षांचीच असेल, इंजेक्शनची (म्हणजे कार्बोरेटरऐवजी टाकीतल्या पंपाने दाबाखाली पेट्रोल पुरवणारी) असेल आणि गळती त्या पंपाच्या बुडाशी किंवा टाकीच्या सांध्यात असेल, तर तो दोष कारखान्यातूनच आलेला असण्याची शक्यता असते. अशा दोषावर बाहेर केलेली मलमपट्टी वाहनधारकाला दोन्हीकडून महाग पडते : धोका पुरता जात नाही, आणि कंपनीने विनामूल्य बदलून द्यायच्या भागाचा पुरावा मात्र नाहीसा होतो. म्हणून गळती थांबवून गाडी सुरक्षित करणे, ती नेमकी कोठून होते हे पाहून नोंदवणे आणि मगच हत्यार लावू देणे, हा क्रम सोडू नये.

पहिल्या काही मिनिटांत

पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ उणे चाळीस अंश सेल्सियसपेक्षाही कमी तापमानाला देऊ लागते. त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हातच काळजी घ्यावी आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत ती सोडून द्यावी, असा भेद येथे करता येत नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही; जमिनीलगत सरकत जिन्याखाली, बोळात, तळघरातल्या पार्किंगमध्ये साचते आणि गळतीपासून काही पावलांवर असलेली शेगडी, फ्रीज किंवा विजेचे बटणसुद्धा तिला पेटवू शकते.

गळती लक्षात येताच चावी बंद करावी. ज्या गाडीला पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोल बंद-चालू करण्याची चावी, आहे तिचा कॉक लगेच बंद करावा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांना असा कॉक नसतो, आणि तेथे ‘बघू या कुठून येते ते’ म्हणून चावी पुन्हा फिरवणे ही सर्वांत धोक्याची कृती ठरते, कारण चावी चालू होताच टाकीतला पंप काही क्षण फिरतो आणि तडकलेल्या पाइपातून पेट्रोल बारीक फवाऱ्यासारखे बाहेर पडते. चालत्या गाडीवर पेट्रोलचा वास आला, मांडी किंवा पायमोजा ओला लागला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा घरापर्यंत जाण्याचा विचार न करता रस्त्याच्या कडेला थांबावे. तुळजापूरच्या घाटात असलात तरी थांबावे.

नंतर गाडी ढकलत उघड्या जागी न्यावी. जुन्या पेठांतून गाड्या जिन्याखाली किंवा वाड्याच्या चौकात लावलेल्या असतात, आणि पूर्व भागात तर घराच्या एका अंगाला यंत्रमाग चालू असतो. मागाच्या खोलीत सुताचा भुसा पसरलेला असतो, मोटरीच्या स्टार्टरमध्ये ठिणगी पडत असते. तेथे गळती गाडी रात्रभर उभी करणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. गाडी बाहेर काढल्यावर तेथले दिवे आणि पंखे चालू असतील तर चालू आणि बंद असतील तर बंदच राहू द्यावेत, देवघरातली निरांजने आणि उदबत्त्या विझवाव्यात, दारे-खिडक्या उघडाव्यात.

सांडलेल्या पेट्रोलवर पाणी ओतण्याची सवय आपल्याकडे फार रुजलेली आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे ते धुऊन जात नाही, केवळ अधिक जागेवर पसरते आणि गटारात उतरते. त्याऐवजी कोरडी वाळू किंवा माती टाकावी, ती भरून मोकळ्या जागेत वाऱ्यावर ठेवावी आणि पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात न टाकता बाहेर पसरून वाळू द्यावीत. प्रत्यक्ष आग लागलीच, तर ड्राय पावडर किंवा फोमचे अग्निशामक नळकांडे वापरावे. ते हाताशी नसेल आणि ज्वाला टाकीपर्यंत गेल्या असतील, तर गाडीचा मोह सोडून दूर व्हावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

टाकी रिकामी करण्यासाठी नळी तोंडाने ओढू नये. पेट्रोलचा घोट पोटात जाण्यापेक्षा त्याचे थेंब फुफ्फुसात जाणे जास्त घातक असते, आणि म्हणूनच पेट्रोल गिळलेल्या माणसाला उलटी करायला लावू नये, थेट रुग्णालयात न्यावे. कपडे भिजले असतील तर ते उघड्यावर काढून अंग साबणाने धुवावे. ओल्या पँटने स्वयंपाकघरात जाऊ नये.

गळती कोठून, हे कसे ओळखावे

हा भाग सावकाश करावा, आणि काहीही पुसण्यापूर्वी मोबाइलने छायाचित्रे काढावीत. एका छायाचित्रात गाडीचा क्रमांक दिसावा, एकात किलोमीटरचा आकडा, आणि दोन-तीन छायाचित्रांत डाग व त्यावरचा भाग जवळून दिसावा. पुढे कंपनीशी बोलताना या चित्रांचा उपयोग तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी अधिक होतो.

डाग पेट्रोलचाच आहे याची खात्री आधी करावी. ऑइलचा डाग तसाच राहतो, बोटाला चिकट लागतो आणि त्यावर धूळ बसते. पेट्रोल काही मिनिटांत उडून जाते आणि मागे पिवळसर कडा किंवा धुळीत धुतल्यासारखा स्वच्छ ओघळ ठेवते. सोलापूरच्या धुळीचा एवढा एकच उपयोग असेल : महिनाभर न धुतलेल्या गाडीवर पेट्रोलचा मार्ग स्पष्ट दिसतो. म्हणून गळती शोधण्यापूर्वी गाडी धुण्यास देऊ नये. ओघळ नेहमी वरून खाली वाचावा. थेंब पडतो ती जागा उगमाची नसते, कारण पेट्रोल पाइपाच्या बाहेरून, फ्रेमवरून किंवा इंजिनाच्या पाखांवरून बरेच वाहत येते. ओघळ सापडत नसेल, तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर संशयित भाग कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि थोड्या वेळाने पाहावे. जेथे पावडर प्रथम ओली होते तेथे उगम असतो. उजेडासाठी टॉर्च वापरायची असेल तर ती दूर असताना लावून मग जवळ आणावी. काडी किंवा लायटर पेटवून टाकीत डोकावणारे लोक अजूनही आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे ढोबळमानाने १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू होण्यापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत, चार-पाच जागा ठरलेल्या आहेत. कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल येत असेल तर फ्लोटची निडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई, कचऱ्यामुळे अडकलेली किंवा झिजलेली असते. मिस्त्रीच्या टोल्यांनी अडकलेला कण सुटतो आणि गळती थांबते, पण टाकीतला गंज किंवा माती खाली येतच राहते, त्यामुळे वाटी उघडून साफ करणे, निडल बदलणे आणि पेट्रोल फिल्टर बसवणे हे खरे काम उरतेच. या प्रकारात एक तपासणी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. कॉक उघडा राहून निडल गळत असेल, तर पेट्रोल इंजिनाच्या आत उतरून ऑइलमध्ये मिसळू शकते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन मुळीच सुरू न करता ऑइल बदलावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे संरक्षण करीत नाही. वाटी आणि बॉडी यांमधले गॅसकेट, वाटीचा ड्रेन स्क्रू, कॉकमागचे रबर वॉशर आणि कडक होऊन तडकलेला पाइप या बाकीच्या जागा. ही सर्व कामे झिजेची आहेत, चांगल्या गॅरेजमध्ये होतात आणि त्यांसाठी कंपनीकडे जाण्याचे कारण नाही.

इंजेक्शनच्या गाडीचा प्रकार वेगळा आहे. तिथे पेट्रोल टाकीतून उतारावर वाहत येत नाही; पंप ते वातावरणाच्या दाबाच्या साधारण अडीच ते तीन पट दाबाने इंजेक्टरकडे ढकलतो. त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीवर चालणारा साधा पाइप आणि तारेची क्लिप येथे चालत नाही. दाब सहन करणारा, त्या गाडीसाठीच दिलेला पाइप आणि त्याची मूळ जोडणीच वापरावी लागते, आणि ही जोडणी पक्कडीने ओढून काढली की तिची प्लास्टिकची कडी हमखास तुटते. इंजेक्टरच्या खालची ओ-रिंग (रबराची गोल कडी), पाइपाची दोन्ही टोके आणि टाकीच्या बुडाशी पंप जेथे बसतो ती गोल चकती, म्हणजे फ्लँज, या तीन जागा पाहाव्यात. यापूर्वी कोणी पंप खोलला असेल तर जुनीच ओ-रिंग परत बसवली गेली किंवा फ्लँजचे नट एका बाजूने जास्त आवळले गेले, असे संभवते. तसे असेल तर दोष खोलणाऱ्याचा आहे. मात्र ज्या पंपाला कोणी हात लावलेला नाही, त्याच्या फ्लँजला किंवा नळीच्या मुळाशी तडा दिसला, तर तेथेच थांबावे. तडा एम-सीलने बुजवू नये आणि बुजवू देऊ नये.

टाकीच्या वेल्डिंगच्या सांध्यातून पाझर येत असेल तर बाहेरून गंज दिसतो की नाही हे पाहावे. आतून गंजलेली जुनी टाकी आणि दोन वर्षांच्या गाडीचा फुटलेला सांधा यांची कारणे निराळी असतात. पाझरावर अंगाचा साबण घासण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे, आणि पत्र्याच्या टाकीच्या बारीक छिद्रावर ती तेवढ्यापुरती चालते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण तिचा उपयोग टाकी रिकामी करेपर्यंतच करावा. टाकीला वेल्डिंग करून घेताना विशेष जपावे लागते. पेट्रोल ओतून काढलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचे स्फोटक मिश्रण असते. टाकी पुन्हापुन्हा धुऊन वाफमुक्त न करता तिच्यावर ज्वाला लावणाऱ्या वेल्डरकडे ती देऊ नये. शक्यतो बदलूनच घ्यावी.

नुसता वास येतो पण थेंब दिसत नाही, असेही घडते. अशा वेळी झाकणाचे रबर आणि वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे, म्हणजे कॅनिस्टरकडे, जाणारी नळी पाहावी.

ऊन आणि इथेनॉल

उन्हाळा लागला की टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल, असा संदेश दरवर्षी मोबाइलवर फिरतो. त्यात तथ्य नाही. कंपनीने सांगितलेल्या पातळीपर्यंत टाकी भरणे सुरक्षित असते आणि तेल कंपन्यांनीही हे स्पष्ट केलेले आहे. झाकणाच्या गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीची गोष्ट मात्र वेगळी. पेट्रोलचे आकारमान दर अंशाला साधारण ०.१ टक्क्याने वाढते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल तुलनेने थंड असते. ते भरून गाडी सात रस्त्यावर भर दुपारी उन्हात लावली आणि पेट्रोल २० अंशांनी तापले, तर १२ लिटरच्या टाकीत पाव लिटरच्या आसपास जास्त जागा लागते. ती नसेल तर पेट्रोल झाकणातून किंवा निचऱ्याच्या नळीतून बाहेर येणारच. असा डाग टाकी भरल्यानंतरच पडत असेल आणि अर्ध्या टाकीवर पडत नसेल, तर गाडीत दोष नाही, भरण्याच्या पद्धतीत आहे. बाजूच्या स्टँडवर तिरकी उभी केलेली भरलेली गाडी हाच प्रकार आणखी लवकर दाखवते.

इथेनॉलचा प्रश्न सोलापूरकरांना परका नाही. ज्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, तेथे उसाच्या मळीपासून काय बनते हे सांगावे लागत नाही. आता पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्याला न साजेसे रबर फुगवते किंवा कडक करते. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे सुटे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनवले जातात. त्याआधीच्या गाड्यांपैकी काहींमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, असे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलेले आहे. म्हणून २०२३ पूर्वीच्या गाडीत एक वॉशर गळू लागला, तर बाकीचे पाइप आणि वॉशरही त्याच वेळी बदलून घ्यावेत. त्यांचा खर्च किरकोळ असतो. शेडमध्ये अनेक महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये.

रिकॉल म्हणजे काय आणि आपली गाडी त्यात आहे का

एखाद्या काळात बनलेल्या गाड्यांमध्ये सुरक्षिततेला बाधा आणणारा समान दोष आढळला, तर कंपनी त्या सर्व गाड्या तपासणीसाठी बोलावते आणि दोष विनामूल्य दूर करते. भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची स्वेच्छा संहिता होती. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने त्यात ‘११० अ’ हे कलम आले आणि केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. उत्पादनापासून सात वर्षांच्या आतील वाहनांना हे नियम लागू होतात, आणि सरकारला रिकॉलचा आदेश द्यावा लागला तर कंपनीला वाहनांच्या संख्येनुसार १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्यानुसार कंपनीने वाहन दुरुस्त करून द्यावे, तितकेच किंवा अधिक चांगले वाहन बदलून द्यावे अथवा पूर्ण किंमत परत करावी, असे पर्याय आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुरुस्तीच होते.

रिकॉलमध्ये गाडी असली म्हणजे ती सदोष आहेच, असे नव्हे. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधील दोषासाठी मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट ३५० या मॉडेलांच्या २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या. त्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या होत्या आणि त्यांपैकी १० टक्क्यांहून कमी गाड्यांतच भाग बदलावा लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. पेट्रोलगळतीचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे : २०१४ मध्ये बीएमडब्ल्यूने तेथे फ्युएल पंपाच्या फ्लँजला तडा जाऊन गळती होण्याच्या दोषासाठी पन्नास हजारांहून अधिक मोटारसायकली परत बोलावल्या. दोन्ही प्रकरणांत निर्णय मॉडेलच्या नावावर झाला नाही, तर कोणत्या काळात आणि कोणत्या भागासह गाडी बनली यावर झाला. त्यामुळे शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या गाडीला निरोप आला आणि आपल्याला आला नाही, यात गफलत असेलच असे नाही.

आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का, हे चॅसी नंबरावरून कळते. हा १७ अक्षरी-अंकी क्रमांक आरसीवर असतो आणि सहसा हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवर कोरलेला असतो. भारतात बनलेल्या गाड्यांचा क्रमांक ‘एम’ या अक्षराने सुरू होतो, आणि त्यात ‘आय’, ‘ओ’, ‘क्यू’ ही अक्षरे कधीच नसतात. वाचताना तसे काही दिसले तर ते एक किंवा शून्य आहे असे समजावे. हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरील रिकॉलच्या पानावर टाकावा, किंवा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर सांगून उत्तर ईमेलने किंवा संदेशाने लेखी मागावे. शोरूममधल्या माणसाने ‘असे काही आलेले नाही’ असे तोंडी सांगितले, तर तेवढ्यावर विसंबू नये. त्याने संगणकात चॅसी नंबर टाकून पाहिला का, हे शांतपणे विचारावे.

निरोप न पोहोचण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे मोबाइल क्रमांक आणि पत्ता जुना असणे. कंपनी आपल्या आणि विक्रेत्याच्या नोंदीतल्या क्रमांकावर कळवते. एमएच १३ च्या किती जुन्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत आणि आरसी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर आहे, हे पाहायला शहरात फार हिंडावे लागत नाही. जुनी गाडी घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण करून घ्यावे (घेणाऱ्यासाठी कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे), वाहन पोर्टलवर आपला मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि सर्व्हिस सेंटरमध्येही मालकाची नोंद बदलण्यास सांगावे. रिकॉलचा लाभ गाडीला मिळतो. मालक पहिला की तिसरा, याने फरक पडत नाही, आणि वॉरंटी संपलेली असणे ही रिकॉलचे काम नाकारण्याची सबब नव्हे. रिकॉलसाठी पैसे भरा, ओटीपी सांगा, असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे असे समजून ठेवून द्यावा.

सर्व्हिस सेंटरमध्ये

वेळ घेण्यासाठी फोन करतानाच तीन गोष्टी विचाराव्यात : सुटा भाग सोलापुरात आला आहे का, काम किती वेळाचे आहे, आणि तोपर्यंत गाडी चालवावी की नाही. गळती प्रत्यक्ष होत असेल तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपणच द्यायचे असते : चालवू नये. गाडी नेण्यासाठी कंपनीची रोडसाइड असिस्टन्स सेवा मिळते का ते पाहावे. नसेल तर छोट्या टेम्पोत उभी बांधून न्यावी, आणि नेण्यापूर्वी टाकीतले पेट्रोल पाण्याच्या बाटल्यांत न भरता धातूच्या झाकणबंद कॅनमध्ये काढून घ्यावे. काही महागड्या परदेशी गाड्यांचे सर्व्हिस सेंटर पुण्यालाच असते. अडीचशे किलोमीटरचा तो प्रवास गळत्या गाडीवर करण्याऐवजी गाडी उचलून नेण्याची व्यवस्था कंपनीने करावी, अशी लेखी मागणी करावी. दोष सुरक्षिततेचा असेल तर ती मान्य होण्याची शक्यता बरी असते.

जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि काम नोंदवलेला कागद, हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत ‘जनरल चेकअप’ असे लिहून मोकळा होतो. त्याऐवजी ‘पंपाच्या फ्लँजजवळ पेट्रोलगळती, छायाचित्रे दाखवली’ असे नेमके शब्द, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्यावी, आणि रिकॉलचे काम असेल तर त्याचा क्रमांक किंवा नाव त्याच कार्डावर असावे. सर्व्हिसिंगची वेळ झाली असेल तर ते वेगळ्या कार्डावर घ्यावे. एकत्र केले की फुकटचे काम कोणते आणि पैशाचे कोणते, हे बिलातून कळेनासे होते. अनेक सेंटरे चांगली वागतात, परंतु रिकॉलच्या गाडीला चेन किट, ब्रेक शू आणि इंजिन क्लीनरची यादी चिकटवण्याची प्रथाही आहे. त्या कामांना नकार दिला तरी रिकॉलचे काम अडवता येत नाही.

पूर्वी बाहेरच्या गॅरेजने पंप किंवा पाइप बदललेला असेल, तर ते आधीच सांगावे. कंपनी त्या भागापुरते काम नाकारू शकते, परंतु हँडल किंवा आरसे बाहेरचे लावले म्हणून पंपाचे काम नाकारणे समर्थनीय नाही. नकार दिला तर त्याचे कारण जॉब कार्डावर लिहून मागावे. लिहून द्यावे लागते म्हटल्यावर पुष्कळ कारणे मागे घेतली जातात.

काम झाल्यावर शून्य रकमेचे बिल किंवा काम पूर्ण झाल्याची नोंद मागून घ्यावी. काढलेला भाग कंपनी परत घेऊन जाते, म्हणून तो आधी पाहून त्याचे छायाचित्र काढावे. गाडी ताब्यात घेताना सेंटरच्या आवारातच, उघड्यावर, इंजिन काही मिनिटे चालू ठेवून टाकीखाली पाहावे. घरी नेल्यावर पहिल्या रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवून सकाळी डाग तपासावा, आणि दोन-चार दिवसांनी टाकी भरल्यावर तो पुन्हा पाहावा, कारण फ्लँज टाकीच्या बुडाशी असल्याने पेट्रोलचा भार वाढल्यावर बारीक गळती उघडी पडते. पंढरपूर किंवा अक्कलकोटची फेरी त्यानंतर ठरवावी.

विम्याबाबत एवढेच : नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःची गाडी जळाल्याची भरपाई नसते. सर्वसमावेशक पॉलिसीत आगीचे संरक्षण असते, पण वाहन सुस्थितीत ठेवण्याची वाजवी काळजी मालकाने घ्यावी अशी अटही असते. रिकॉलचा निरोप येऊन महिनोन्महिने गाडी न नेणाऱ्याच्या दाव्यावर ती अट उभी राहू शकते.

कंपनी दाद देत नसेल तर

गळती आहे, गाडी नवी आहे, पण रिकॉल जाहीर झालेले नाही, अशी स्थिती सर्वांत कटकटीची असते. वॉरंटीत असेल तर वॉरंटीखाली काम मागावे. विक्रेता टाळत असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला छायाचित्रे, जॉब कार्ड आणि चॅसी नंबर जोडून ईमेल करावा आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी. त्याच वेळी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तेथे आपल्या गाडीचा निकाल लगेच लागत नाही. परंतु एका मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात तक्रारी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की चौकशी सुरू होते. त्यामुळे आपली गाडी बाहेर पैसे देऊन दुरुस्त करून घेतली असली, तरी ही नोंद करावी. समाजमाध्यमांवर कंपनीला शिव्या घातल्याने ती मोजणी पुढे सरकत नाही.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बरीच प्रकरणे येथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. गाडी पुण्यात किंवा कलबुर्गीत घेतलेली असली तरी तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात दाद मागता येते, म्हणजे सोलापूरच्या रहिवाशाला सोलापुरातच ती मागता येते. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तक्रारीला खरेदीचे बिल, आरसी, सर्व जॉब कार्डे, ईमेल आणि पहिल्या दिवशी काढलेली छायाचित्रे जोडावीत. सदोष भाग बाहेर बदलून घ्यावा लागला असेल तर तो पेट्रोल पूर्ण सुकवून, पिशवीत बांधून, बदलणाऱ्या गॅरेजच्या पावतीसह जपून ठेवावा, कारण तपासणीसाठी तो भाग आयोग मागू शकतो.